माळ्यावरचे दिवाळी अंक : जमवावेत कसे, स्कॅन कसे करावेत आणि पुन्हा सापडावेत कसे

मामाच्या घराचा माळा रिकामा करायचा ठरला तेव्हा पत्र्याच्या दोन ट्रंका खाली आल्या. एकीत पितळेची भांडी, दुसरीत जुनी मासिके आणि दिवाळी अंक. भांड्यांवर तासाभरात हक्क सांगून झाले. अंक मला मिळाले, कारण ते दुसऱ्या कोणीच मागितले नाहीत.

पहिल्या वर्षी मी एक घोडचूक केली. कथा, कविता आणि चांगले लेख तेवढे स्कॅन केले. जाहिराती, वाचकांची पत्रे, संपादकीय, मलपृष्ठ हे सगळे ‘भरताड’ म्हणून सोडून दिले आणि ज्यांचे काम झाले असे वाटले ते अंक वाटून टाकले. पुढे एका अभ्यासक मैत्रिणीने विचारले, स्त्रियांच्या मासिकांत शिवणयंत्रांच्या जाहिराती कशा असत, तुझ्याकडे काही आहे का? होते, पण आता नव्हते. कथा नंतर संग्रहात येतात, पुस्तकरूपाने उरतात. जाहिरात, कूपन, वर्गणीचे दर, ‘पुढील अंकात’ची चौकट हे फक्त अंकातच असते. म्हणून या लेखात जे काही सांगतो आहे ते पूर्ण अंक जपण्याविषयी आहे. मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, कोऱ्या पानासकट.

आधी हद्द आखा

‘जुनी मराठी मासिके’ एवढ्या मोठ्या पोत्यात हात घालू नका. ‘दिग्दर्शन’ १८४० चे, ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ ते १९३७ पर्यंत चालले, का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, किर्लोस्करवाडीहून १९२० नंतर ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ अशी एकामागून एक मासिके निघाली, ‘सत्यकथा’ १९८२ पर्यंत टिकली. एका माणसाच्या आयुष्यात आणि दोन खोल्यांच्या घरात हे सगळे मावत नाही. एक मासिक घ्या, किंवा एक दशक, एक चित्रकार, एक गाव. माझी हद्द १९४५ ते १९७५ मधले विनोदी आणि ललित दिवाळी अंक अशी आहे. तिच्याबाहेरचे काही हाती आले तर ते मी ज्याची ती हद्द आहे त्याला देतो.

दुसरे म्हणजे, झालेले काम पुन्हा करू नका. बालभारतीच्या ‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंक त्यांनी स्वतःच संगणकावर मोफत उपलब्ध केले आहेत, ते स्कॅन करण्यात रविवार घालवू नका. ‘सत्यकथा’ मोठ्या ग्रंथालयांत बांधीव खंडांत सापडते. खरी टंचाई असते ती कोणीही न जपलेल्या गोष्टींची: तालुक्याच्या गावचे साप्ताहिक, ज्ञातीचे मुखपत्र, गिरणी कामगार संघटनेचा विशेषांक, शाळेचे वार्षिक, सायक्लोस्टाइल केलेले लघुअनियतकालिक, म्हणजे लेखकांनी स्वतःच काढलेला, जमेल तेव्हा निघणारा छोटा अंक. १९५४ मध्ये अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी काढलेल्या ‘शब्द’पासून सुरू झालेल्या लघुअनियतकालिकांच्या चळवळीतले अंक मुळातच मोजक्या प्रती काढलेले. असे काही चार आण्याला मिळाले तरी सोन्याच्या भावाने सांभाळा.

कुठे शोधायचे

पुण्यात बुधवार आणि रविवारचा जुना बाजार, मुंबईत फोर्टातले फुटपाथवरचे विक्रेते, आणि कुठल्याही गावात रद्दीची दुकाने. रद्दीवाल्याशी नाते जोडणे ही या छंदातली निम्मी विद्या आहे. त्याला ‘जुनी मासिके आली तर सांगा’ म्हणून चालत नाही, कारण त्याच्या लेखी मागच्या महिन्याचे मासिकही जुनेच. एक नमुना अंक दाखवा: असा कागद, असे चित्र, किंमत आण्यांत. आणि वजनाच्या भावापेक्षा थोडे जास्त द्या, म्हणजे तो गठ्ठा गोणीत कोंबण्याआधी तुम्हाला फोन करील.

सर्वांत चांगला माल मात्र घरांतून मिळतो. दिवाळीची साफसफाई, घर पुनर्विकासाला जाणे, एखाद्या वाचनवेड्या आजोबांचे जाणे, या तीन वेळी कपाटे रिकामी होतात. फिरती वाचनालये बंद होतात तेव्हाही अंक निघतात, पण ते बांधलेले असतात आणि बांधणाऱ्याने बहुधा मुखपृष्ठे फाडून, कडा कातरून पुठ्ठ्यात शिवलेले असतात. असा खंड जरूर घ्या, पण सुटा अंक मिळेपर्यंत तो ‘अपूर्ण’ म्हणूनच नोंदवा.

विकत घेताना जागेवरच पाने मोजा. मधले जोडपान गायब आहे का, कूपन कापले आहे का, कोड्याची चौकट पेनाने भरली आहे का ते पाहा. एक अंक दुसऱ्यांदा मिळाला तर सोडू नका. दोन फाटक्या प्रतींतून एक सबंध अंक उभा राहतो, फक्त कोणते पान कोणत्या प्रतीतले ते लिहून ठेवावे लागते.

तारीख नसलेल्या अंकाचे वय

मुखपृष्ठ गेले की साल गेले, असे समजू नका. हा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा रेंगाळतो.

शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रक-प्रकाशकाची ओळ शोधा. १८६७ च्या कायद्याने मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण छापणे बंधनकारक झाले होते, त्यामुळे ती बहुतेक अंकांत असते. तीत कधी तारीख मिळते, निदान छापखाना तरी कळतो. मग किंमत पाहा. किंमत आण्यांत असेल तर अंक साधारण १९५७ च्या आधीचा, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे दिसले तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचा. जून १९६४ मध्ये ‘नवे’ हा शब्द गेला. बदलाच्या एक-दोन वर्षांत दोन्ही पद्धती शेजारी शेजारी दिसतात, तेव्हा जाहिरातींतल्या किमतीही ताडून पाहा.

पत्ते तर बोलतातच. ‘मुंबई २८’, ‘पुणे २’ असा विभागाचा आकडा असेल तर जुना काळ. सहा आकडी पिनकोड असेल तर अंक १५ ऑगस्ट १९७२ नंतरचाच. ‘मुंबई राज्य’ असा उल्लेख असेल तर १ मे १९६० च्या आधीचा मजकूर. शुद्धलेखनही साक्ष देते: ‘घरांत’, ‘त्यांतून’, ‘करूं’, ‘नाहीं’ असे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर हळूहळू कमी होत गेले. मात्र वयस्क संपादक जुनी सवय वर्षानुवर्षे सोडत नसत, म्हणून एवढ्या एका पुराव्यावर विसंबू नका.

फार जुन्या अंकांवर शके असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येते. पौष ते फाल्गुन या महिन्यांत जानेवारी लागलेला असेल तर ७९. दिवाळी अंकाला हा घोळ नाही, शके १८३१ ची दिवाळी म्हणजे सरळ १९०९. ‘पुस्तक १२ वे, अंक ३ रा’ अशी नोंद असेल तर एक पक्की तारीख असलेला अंक शोधून बोटांवर मागेपुढे मोजा, पण मध्ये मासिक काही महिने बंद पडले होते का ते बघायला विसरू नका. शंकर गणेश दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली १८०० ते १९५० या काळातील मराठी नियतकालिकांची सूची अशा वेळी हाताशी असावी. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्याचे नगर वाचन मंदिर अशा ठिकाणी जाऊन बांधीव खंडांशी ताडून पाहणे हा शेवटचा आणि खात्रीचा उपाय.

स्कॅनरला लावण्याआधी

नवा आलेला गठ्ठा थेट कपाटात ठेवू नका. आधी पंधरा दिवस वेगळा. कसर आणि वाळवी एका अंकातून दुसऱ्यात जायला वेळ लागत नाही. जिवंत कीड दिसली तर अंक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवावेत. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर पाणी धरते. घरच्यांना आइस्क्रीमशेजारी १९५५ चा दिवाळी अंक का आहे हे समजावणे ज्याचे त्याने पाहावे. डांबराच्या गोळ्या टाकू नका; त्यांची वाफ माणसाला बाधते, आणि त्या अंकाजवळ दहा मिनिटे बसवत नाही. भिजलेला गठ्ठा हाती आला आणि लगेच वाळवणे शक्य नसेल तरी फ्रीझरच कामाला येतो, कारण गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही.

धूळ मऊ ब्रशने पाठकण्याकडून बाहेरच्या बाजूला झाडा. ओले फडके अजिबात नको. हे काम पावसाळ्यात काढू नका. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर कागद दमट, मऊ आणि बुरशीला अनुकूल असतो; दिवाळी ते होळी हा खरा हंगाम.

गंजलेल्या पिना काढायच्या असतात, पण स्टेपल काढायच्या चिमट्याने नव्हे. त्याने मधले पान हमखास फाटते. आतल्या बाजूने पिनेचे दोन पाय बोथट सुरीने सरळ करा आणि पिन बाहेरून सावकाश ओढा. मग सुटी पाने सपाट होतात, स्कॅनिंग सोपे होते, आणि नंतर त्याच भोकांतून सुती दोऱ्याने टाके घालता येतात. शिवलेली किंवा डिंकाने चिकटवलेली बांधणी मात्र उसवू नका.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायचा मोह प्रत्येकाला होतो. मी लावला होता. दहा वर्षांत टेप सुटून आला आणि खाली तपकिरी, चिकट पट्टा राहिला. त्या पट्ट्याखालची अक्षरे आता मला कोणी वाचून दाखवावीत. पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ वापरा, किंवा काहीच करू नका. फाटलेले पान तसेच स्कॅन होते.

स्कॅनिंग

सुट्या पानांच्या आणि पिना काढलेल्या अंकांसाठी साधा ए-फोर सपाट स्कॅनर पुरतो. पाने आपोआप ओढणारा स्कॅनर जुन्या अंकाला दाखवूसुद्धा नका. वृत्तपत्री कागदात लाकडाच्या लगद्यातले लिग्निन आणि आम्ल असते, त्याने कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. रोलरमध्ये त्याचा भुगाच होईल. पूर्ण न उघडणाऱ्या बांधीव खंडांसाठी कॅमेरा बरा: खंड दोन कलत्या फळ्यांवर साधारण काटकोनात उघडा, वर स्टँडला कॅमेरा, दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर दोन दिवे. मोबाइलही चालतो, पण कागद आपोआप पांढराशुभ्र करणारी ॲप नकोत. कागदाचा रंग हीसुद्धा माहिती आहे.

मजकुराला ४०० डीपीआय (म्हणजे इंचाला ४०० ठिपके), मुखपृष्ठाला आणि रेखाचित्रांच्या पानांना ६००, आणि सगळे रंगीत. काळ्या-पांढऱ्यात जागा वाचते, पण वाचनालयाचा जांभळा शिक्का, दोनरंगी छपाईतला लाल, पेन्सिलीने केलेल्या खुणा, सगळे एकाच राखाडीत बुडते. पान पातळ असेल तर मागची अक्षरे पुढे उमटतात. पानामागे काळा कागद ठेवला की ती बरीच दबतात. छायाचित्रांत बारीक जाळीदार नक्षी दिसू लागली तर तो छपाईच्या ठिपक्यांचा आणि स्कॅनरच्या रेषांचा झगडा असतो. मूळ प्रतीत तो तसाच राहू द्या, तो घालवायचा उपाय वाचायच्या प्रतीवर करा.

हिशेब असा: साडेसात गुणिले दहा इंचांचे पान ४०० डीपीआयने रंगीत घेतले की फाइल ३६ एमबीची होते. २०० पानी दिवाळी अंक म्हणजे ७ जीबीच्या पुढे. आकडा मोठा वाटतो, पण आजच्या चार टीबीच्या डिस्कवर असे पाचशेहून जास्त अंक मावतात. म्हणून मूळ प्रत टिफमध्येच, म्हणजे चित्रातले काहीही न गाळणाऱ्या फाइल-प्रकारात ठेवा. जेपीईजी दर वेळी पुन्हा जतन करताना थोडी झिजते.

आता एक खास अडचण, जी मराठीच्याच वाट्याला आली आहे: ‘आवाज’च्या खिडक्या. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केलेल्या या अंकात पानाला खिडकी कापलेली असते. खिडकीतून मागच्या चित्राचा तेवढाच तुकडा दिसतो आणि मन भलतीकडे धावते. पान उलटले की काहीतरी अगदी साळसूद निघते. हे पान नेहमीसारखे स्कॅन केले आणि मागे काळा कागद ठेवला तर खिडकीत काळा चौकोन येतो आणि विनोद मरतो. मी प्रत्येक खिडकीची तीन चित्रे घेतो. पहिले, पुढचे पान जसे आहे तसे मागे ठेवून, वाचकाला दिसते तसे. दुसरे, खिडकीमागे कोरा कागद ठेवून, म्हणजे कापाचा नेमका आकार कळतो. तिसरे, आतल्या पानाचे पूर्ण चित्र. खिडकीच्या मागच्या बाजूलाही चित्र असते, त्यामुळे उलट्या बाजूने हाच खेळ पुन्हा. वेळ जातो. पण हे केले नाही तर वाचकाला हसू कशाचे आले हे पन्नास वर्षांनी कोणाला कळणार नाही.

पानांचा क्रम छापील आकड्यांवर सोडू नका. जाहिरातींच्या पानांना बहुधा आकडे नसतात, रंगीत आर्टपेपरची पाने मधेच घुसतात. मुखपृष्ठाला १, त्याच्या आतल्या बाजूला २, असे सलग क्रमांक द्या आणि छापील पानक्रमांक वेगळा नोंदवा.

फाइलींची नावे आणि प्रती

नाव एकाच साच्यात: मासिकाचे लघुरूप, वर्ष, महिना किंवा ‘दिवाळी’, पान. उदाहरणार्थ ‘आवाज_१९६३_दिवाळी_००४७’. प्रत्यक्षात हे रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहा, कारण काही जुनी सॉफ्टवेअर देवनागरी नावे पाहिली की अडखळतात. ‘नवीन फोल्डर २ फायनल’ अशा नावाचे फोल्डर माझ्याकडेही आहे. त्यात काय आहे ते आता देवालाच माहीत.

टिफवरून हलकी पीडीएफ करा, वाचायला आणि पाठवायला तीच. पाने सरळ करणे, कडा छाटणे यासाठी स्कॅनटेलर हे मोफत साधन पुरेसे आहे. छाटणी फक्त पीडीएफसाठीच. मूळ प्रतींचे तीन संच ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतला एक दुसऱ्या गावी. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडच्या अनेक घरांत कपाटातला कागद आणि टेबलावरचा संगणक एकाच पाण्याखाली गेला, हे विसरू नका. माझी एक डिस्क नाशिकला बहिणीकडे असते, भाऊबीजेला बदलतो. प्रत्येक फाइलचा शा-२५६ ठसा (फाइलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेला, जरा बदल झाला तरी बदलणारा आकडा) काढून ठेवला की वर्षाने तपासताना कोणती फाइल गुपचूप बिघडली ते कळते.

सूची: खरे काम इथे आहे

हजार पीडीएफ असूनही काही सापडत नसेल तर ती रद्दीच, फक्त वीज खाणारी. टेसरॅक्टसारखे मोफत साधन मराठी अक्षरे ओळखते. पण जुन्या छपाईत खिळे झिजलेले असतात, जोडाक्षरे वेगळ्या वळणाची असतात, दोन रकाने एकमेकांत मिसळतात. शिवाय एक छुपा सापळा: आज तुम्ही ‘घरात’ शोधाल आणि १९४८ च्या अंकात ‘घरांत’ छापलेले असेल. यंत्राने अक्षर अचूक ओळखूनही शब्द सापडणार नाही. काही नियतकालिकांत ‘इ, ई, उ’ऐवजी ‘अि, अी, अु’ अशीही अक्षरे आढळतात.

म्हणून माझा आग्रह: सगळा मजकूर तपासत बसू नका, अनुक्रमणिका मात्र स्वतः हाताने टंका. एका साध्या तक्त्यात प्रत्येक नोंदीला एक ओळ: अंक, शीर्षक, प्रकार, छापलेले नाव, प्रमाणित नाव, पान, चित्रकार. एका दिवाळी अंकाला दीड-दोन तास लागतात. अनुक्रमणिकेत जे नसते तेही भरा: जाहिरातदार, व्यंगचित्रे, कोडी.

नावांचे दोन रकाने का? मालतीबाई बेडेकर, बाळूताई खरे आणि विभावरी शिरूरकर ही एकच लेखिका. आचार्य अत्रे कवितेखाली ‘केशवकुमार’ असतात, गडकरी ‘गोविंदाग्रज’. पु. लं.चे नाव तर किती तऱ्हांनी छापले आहे ते मोजावेच. छापलेले नाव जसेच्या तसे ठेवा आणि शेजारी एक ठरलेले रूप लिहा. चित्रकारांसाठी पानाच्या कोपऱ्यातली सही वाचा. ‘दलाल’ किंवा ‘मुळगांवकर’ बहुधा तिथेच सापडतात, अनुक्रमणिकेत नाही.

किती दाखवायचे

स्वतःच्या अभ्यासासाठी प्रत काढणे ही एक गोष्ट आणि ती इंटरनेटवर सर्वांसाठी टाकणे ही दुसरी. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क चालतो. छायाचित्रे आणि निनावी मजकूर यांना प्रसिद्धीपासून ६० वर्षे. अडचण अशी की एका अंकात चाळीस जणांचे हक्क असतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचे लेखन २०११ पासून मुक्त आहे. अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत थांबा. मुखपृष्ठाचे दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांसाठी २०३१ अखेर. पु. लं.साठी २०६०. तेव्हा १९५२ चा अंक ‘जुना आहे ना’ म्हणून सगळाच्या सगळा चढवू नका.

सूची मात्र बिनधोक सर्वांसमोर ठेवा. कोणत्या अंकात, कोणत्या पानावर, कोणाचे काय आहे ही माहिती कोणाच्या मालकीची नसते, आणि अभ्यासक आधी तीच शोधत येतात. मासिकाचे चालक किंवा लेखकाचे वारस हयात असतील तर एक पत्र लिहा. माझ्या पत्रांना बहुतेकदा ‘आमच्याकडेच हे अंक नाहीत, आम्हालाही एक प्रत द्या’ असे उत्तर आले.

स्कॅन झाल्यावर कागद रद्दीत घालू नका. अंक आडवे, वीतभर उंचीच्या थप्पीत, आम्लरहित कागदाच्या खोक्यात ठेवा. भिंतीपासून लांब, स्वयंपाकघराच्या वाफेपासून त्याहून लांब. ग्रंथालयाला द्यायचे असतील तर पोती घेऊन दारात उभे राहू नका, आधी यादी पाठवा आणि त्यांच्याकडे कोणते अंक नाहीत ते विचारा. ‘आवाज’चे खिडकीवाले अंक देताना वर चिठ्ठी चिकटवा: बांधणीला देऊ नयेत, कडा कातरू नयेत.